व्हेरी गुड

पाकीट जाड होतं, तिथेच आम्ही फसलो.

कुंदा बोदेले ते छातीशी धरून दोन जिने पळत चढून आली. दम एवढा लागला होता की तोंडातून शब्द फुटेना. तिने पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं आणि त्यावरच्या दिल्लीच्या शिक्क्यावर बोट टेकवलं.

"जाड आहे, सर."

"दिसतंय मला."

"तोलून पाहिलं मी. खालच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर. एकशे नव्वद ग्रॅम."

संशोधनाच्या अनुदानासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसणाऱ्या आम्हा प्राध्यापकांचा एक पक्का समज असतो: नकार पातळ असतो. 'आम्हाला खेद वाटतो' हे कळवायला एक कागद पुरतो. मंजुरी आली की तिच्यासोबत अटी, करारनामा, तीन-तीन प्रतींत भरायचे फॉर्म असा सगळा गोतावळा येतो. मागच्या दोन वर्षांत मी दोन पातळ पाकिटं फोडली होती. हे तिसरं, आणि जाड. कुंदाने डोळे मिटून हात जोडले. मी कात्री शोधली, ती सापडेना, शेवटी दातांनीच कड फाडली.

आतून निघाला तो दुसऱ्याच कोणाचा तरी प्रस्ताव. वर दिल्लीच्या अनुदान मंडळाचं पत्र: आपण या विषयातले जाणकार, तरी परीक्षक म्हणून चार आठवड्यांत आपला गोपनीय अभिप्राय कळवावा, ही विनंती.

कुंदाने पत्र वाचलं, नीट घडी घालून ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याला पैसे द्यायचे का नाही, ते आपल्याला विचारून राहिले."

ती हसली. मला काही हसू आलं नाही.

ही गोष्ट एकोणीसशे नव्व्याण्णवच्या जानेवारीतली. मी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रपाठक होतो. भंडाऱ्याकडच्या जुन्या मालगुजारी तलावांतले लहान देशी मासे का नाहीसे होत चालले, हा माझा विषय. विषय माझा म्हणायचा, काम सगळं कुंदाचं. ती माझ्या प्रकल्पावर सहायक होती. चार वर्षांत तिने एकतीस तलाव पालथे घातले होते. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ती जाळ्यात हात घालायची आणि न बघता सांगायची, कोणता मासा लागलाय ते. तिचा पगार प्रकल्पाच्या पैशांतून निघायचा, आणि प्रकल्प डिसेंबरात संपला होता. कुलगुरूंच्या हातापाया पडून मी तिला एकतीस मार्चपर्यंत मुदत वाढवून आणली होती. तोवर नवा प्रकल्प आला तर कुंदा राहणार, नाहीतर घरी जाणार. घरी तरी काय होतं? वडिलांची गिरणी बंद पडलेली, चूल तिच्याच पगारावर पेटायची. आणि सरकारी नोकरीची वयोमर्यादा तिने माझ्या तलावांत उभं राहून ओलांडली होती. हे शेवटचं मला जेवताना घशात अडकायचं.

त्या हिवाळ्यात मी काय काय केलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. मत्स्यखात्याच्या साहेबांकडे तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला ते म्हणाले, "पांढरीपांडे सर, एवढ्याशा माशांना विचारतं कोण? बाजारात दोन किलोचा रोहू चालतो." एका रंगाच्या कारखान्याच्या मालकाकडे गेलो. त्याने दीड तास बसवून ठेवलं आणि मग विचारलं, तलावाच्या काठी कंपनीचा फलक लावता येईल का, आणि हे मासे साधारण कोणत्या रंगाचे असतात. मी रंग सांगितले! एकेका माशाचा रंग, पोटाखालचा, पाठीवरचा, शेपटीचा, असा सांगत बसलो, जणू त्यावर त्याचं मन द्रवणार होतं. बाहेर पडलो तेव्हा माझीच मला शिसारी आली. इकडे कुलसचिवांचा डोळा आमच्या खोलीवर. प्रकल्प नाही तर खोली कशाला, तिथे संगणक प्रशिक्षण केंद्र काढू, असं त्यांनी मला जिन्यात गाठून दोनदा सुनावलं होतं.

उरला होता फक्त दिल्लीच्या मंडळाकडचा माझा तिसरा प्रस्ताव. मार्चच्या बैठकीत त्याचा निकाल लागायचा होता. त्याच्यासाठी आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो.

दुसऱ्या प्रस्तावाचं काय झालं, तेही सांगायला हवं. त्या पातळ पाकिटात परीक्षकाचा अभिप्राय होता, आणि त्यात स्तुतीशिवाय दुसरं काही नव्हतं. खाली दर्जाचे पाच चौकोन. पहिला 'एक्सलंट', दुसरा 'व्हेरी गुड', मग बाकीचे. खूण दुसऱ्यात. एवढी स्तुती करून नकार का, हे मला कळेना. तेव्हा तिकिटाला पैसे घालून मी दिल्ली गाठली. माझा वर्गमित्र हेमंत तळवलकर अशा समित्यांवर बसायचा. त्याने मला चहा पाजला आणि कागदावर नजर टाकून परत दिला.

"विलास, व्हेरी गुड म्हणजे मेलास तू."

"म्हणजे?"

"एका बैठकीत दीडशे प्रस्ताव येतात. पैसे दहा-बारा जणांपुरते. एक्सलंट असतील तेवढ्याच फायली उघडतात. स्तुती वाचायला वेळ कोणाला आहे?"

"पण ज्याने हे लिहिलं त्याला ते माहीत नसेल."

तळवलकर माझ्याकडे बघतच राहिला. "अरे, सगळ्यांना माहीत असतं," तो म्हणाला.

परत आल्यावर हे मी कुंदाला सांगितलं. ती बरण्या धुवायच्या निमित्ताने मोरीपाशी गेली आणि अर्धा तास नळ चालू ठेवून उभी राहिली.

तर ते जाड पाकीट. प्रस्ताव होता प्रा. सुखदेव मारबते यांचा. साकोलीच्या पुढे कुठेतरी एका लहानशा कॉलेजात शिकवायचे. मी नाव कधी ऐकलं नव्हतं. विषय वाचला आणि खुर्चीत सरसावून बसलो. तेच तलाव. तेच मासे. आणि बैठकही तीच, मार्चची. एका बैठकीत त्याच तलावांना मंडळ दोनदा पैसे देणार नाही, हे समजायला तळवलकरची गरज नव्हती.

पहिल्या पानावर वाटलं, चला, पोरकट आहे. इंग्रजी धड नव्हतं, टाइप करताना ओळी वरखाली झाल्या होत्या. तिसऱ्या पानावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. मारबते स्वतः ढिवर समाजातले. वडील अजून जाळं टाकतात, असं त्यांनी प्रस्तावातच लिहिलं होतं. तलावाच्या उथळ काठाला एक विशिष्ट गवत असतं, लहान मासे त्याच्याच मुळांशी अंडी घालतात, आणि काठ नांगरून शेतात घेतल्यापासून ते गवत गेलं. कोणत्या तलावाचं गवत कोणत्या साली गेलं आणि त्यानंतर जाळ्यात काय यायचं बंद झालं, याची म्हाताऱ्या ढिवरांनी तोंडी सांगितलेली यादी सोबत जोडली होती. ढिवरांच्या भाषेत माशांची त्रेपन्न नावं होती. आमच्या यादीत एकोणचाळीस.

मी चार वर्षं मासे मोजत होतो. ते का जातात हे मला कळलं नव्हतं. या माणसाने ते सहा ओळींत लिहिलं होतं.

कुंदाने संध्याकाळपर्यंत तो वाचून काढला. वाचून झाल्यावर म्हणाली, "सर, हे खरं आहे. गवताचं. मी पाहिलं आहे ते, पण माझ्या डोक्यात नाही आलं." मग पत्राच्या खालची बारीक अक्षरातली ओळ तिने मला दाखवली. परीक्षकाचा स्वतःचा प्रस्ताव याच विषयावर विचाराधीन असेल तर त्याने कागद परत करावेत.

"आपण परत पाठवून देऊ नं, सर?"

"आणि मग तो जाईल कोणाकडे? मुंबईच्या नाहीतर कोलकात्याच्या एखाद्या माणसाकडे. तो इंग्रजी बघेल आणि फेकून देईल. याला न्याय द्यायचा तर तो आपणच देऊ शकतो."

मी हे अगदी मनापासून बोललो. निदान बोलताना तरी तसं वाटत होतं. कुंदाचा चेहरा उजळला. "ते पण बरोबर आहे," ती म्हणाली.

चार आठवड्यांची मुदत संपत आली तेव्हा एका रविवारी दुपारी मी अभिप्राय लिहायला बसलो आणि तीन पानं लिहिली. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. इतकं मोकळं, इतकं चांगलं मी कोणाबद्दल कधी लिहिलं नाही, स्वतःच्या विद्यार्थ्यांबद्दलसुद्धा नाही. सोमवारी कुंदाने ती पानं टाइप केली. मधेच मान वर करून म्हणाली, "किती छान लिहिलं सर तुम्ही. यांचं नक्की होणार." मग बोटं थांबवून, "आपलं पण होईल, नाही?"

"होईल."

"दोघांचं पण होऊ शकते."

"होऊ शकतं," मी म्हणालो.

दर्जाचे चौकोन असलेला फॉर्म हाताने भरायचा होता. तो मी पिशवीत टाकला. पोस्टात रजिस्टरच्या खिडकीपुढे रांग होती. बाजूच्या फळीवर फॉर्म ठेवला. परीक्षकाचा या विषयाशी हितसंबंध नाही, या ओळीखाली आधी सही केली. मग चौकोनांशी आलो. पेन हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे, मागच्या माणसाने विचारलं, "काका, तुमचं चाललंय का?" एकतीस मार्चला पाच आठवडे उरले होते. मी खूण केली, पाकिटाला डिंक लावला आणि रांगेत उभा राहिलो.

वीस मार्चला आमचं जाड पाकीट आलं. या वेळी खरंखुरं. अटी, करारनामा, तीन प्रतींतले फॉर्म. तीन वर्षं, एक सहायक, पगार आधीपेक्षा बरा. कुंदा खुर्चीवर बसून लहान मुलीसारखी रडली आणि मग विभागभर पेढे वाटून आली. कुलसचिवांनासुद्धा दिला. मला त्या रात्री कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली, हेही कबूल करायला हवं. मारबतेंचं काय झालं असेल, असं तिने दोन-तीनदा विचारलं. मी म्हणालो, कळेल.

ते मे महिन्यात कळलं. दुपारी बाराची वेळ, बाहेर ऊन रणरणत होतं, कूलर नुसता घरघरत होता. दारात पस्तिशीचा, काळासावळा, घामाने निथळलेला माणूस उभा राहिला. हातात कापडी पिशवी.

"नमस्कार जी, सर. मी मारबते. साकोलीकडून आलो."

कुंदा ताडकन उठली. "मारबते सर? या नं, बसा नं! पाणी देते." तिने माठातलं पाणी दिलं, कूलर त्यांच्याकडे वळवला. त्यांना आश्चर्य वाटलं असावं, आपलं नाव इथे कसं माहीत, असं. त्यांनी एका दमात दोन पेले संपवले.

"तुमचा प्रकल्प मंजूर झाल्याचं पेपरात वाचलं, सर," ते म्हणाले. "फार आनंद झाला. आपल्या तलावाचं काम होऊन राहिलं. मी पण पाठवला होता एक. माझा नाही झाला."

"असं होतं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

"नाही झाला, त्याचं काही नाही. पण हे पाहा नं." त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या आवरणात घातलेले कागद काढले. "हे त्या परीक्षकानं लिहिलं. नाव नाही दिलं, गोपनीय राहते ते. मी कॉलेजात कोणाला दाखवलं तर ते म्हणतात, एवढं चांगलं तर आम्हाला पीएचडीले पण कोणी म्हटलं नाही."

त्यांनी पहिलं पान काढून कुंदाच्या हाती दिलं, उरलेली माझ्यापुढे धरली. मी घेतली नाहीत, टेबलावर ठेवा म्हणून खूण केली.

"मी हे बाबाले वाचून दाखवलं, सर. आपल्या बोलीत करून. 'या प्रस्तावाचं बळ ढिवरांच्या माहितीत आहे, ती कोणत्याच विद्यापीठाकडे नाही,' असं लिहिलं त्यानं. बाबा म्हणे, हा साहेब कधीतरी तलावात उतरलेला दिसते. तीनदा वाचायला लावलं मले. मग म्हणे, एवढं सगळं पटलं त्याले, तर पैसे काहून नाही देल्ले? मले नाही सांगता आलं. म्हणून तुमच्याकडं आलो. तुम्हाले दिल्लीचं माहीत असन."

कुंदा वाचत होती. तीन ओळी वाचून ती थांबली. पुढचं तिला वाचावं लागलं नाही, ते तिनेच टाइप केलेलं होतं. तिच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, कौतुकाचं, माझ्याकडे बघून. मग तिने टेबलावरची पानं उचलली आणि शेवटचं उलटलं. फॉर्मची झेरॉक्स होती. ती तिथेच बघत राहिली.

"व्हेरी गुड," ती म्हणाली.

"हो नं, मॅडम!" मारबते खुलले. "व्हेरी गुड देलं त्यानं. तेच तर म्हणतो मी."

कुंदाने पानं एकावर एक लावली, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही सांगा नं यांना. व्हेरी गुड म्हणजे काय असते ते."

मला तिथे तोंड उघडता आलं असतं. आज चोवीस वर्षांनी त्या खोलीतला पेल्याखालचा ओला डागसुद्धा आठवतो. कुंदा माझ्याकडे बघत होती, मारबते माझ्याकडे बघत होते, आणि दोघांच्याही नजरेत मी अजून काहीतरी चांगलं सांगेन, अशी आशा होती. हो, कुंदाच्याही.

"समितीकडे पैसे कमी असतात, मारबते," मी म्हणालो. "प्रस्ताव चांगला असूनही राहतो कधी कधी. मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा."

कुंदाने मान खाली घातली.

"पुढच्या वर्षी..." मारबते जरा घुटमळले. "बाबा शहात्तरचा आहे जी. ती नावं, ती जागा, सगळं त्याच्याच डोक्यात. तो आहे तोवरच होते हे काम. पण पाहतो. जमन तेवढं सुटीत आपलंच करतो." त्यांनी पानं आवरणात घातली, पिशवीत ठेवली आणि उठले. "तुम्ही वेळ दिला, फार झालं. दोनची बस आहे माझी."

मी त्यांना पोचवायला दारापर्यंत गेलो. तिथे त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"सर, एक इच्छा होती. ज्यानं हे लिहिलं नं, त्याले एकदा भेटून पाया पडायचं होतं. आमच्या लोकांबद्दल असं कोणी लिहिलं नाही आजवर. आता तो कोण, कुठचा, काही समजणार नाही. तुम्ही त्याच्याच तोलाचे. त्याच्या वाटचा नमस्कार तुम्हीच घ्या."

आणि ते वाकले. मला मागे सरता आलं असतं, त्यांचे खांदे धरता आले असते. मी नुसता उभा राहिलो. त्यांची बोटं माझ्या चपलांना लागली, मग पायांना. मी माझा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला. सवयीने ठेवला, विद्यार्थ्यांच्या ठेवतो तसा.

ते जिना उतरून गेले. त्यांच्या वहाणांचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येत राहिला. मी आत वळलो तेव्हा कुंदा आपली पिशवी भरत होती. डबा, पाण्याची बाटली, खिडकीतला कंगवा.

"कुंदा, माझं ऐक. एकतीस मार्च जवळ आला होता. मी तुझ्यासाठी..."

"माहीत आहे, सर."

"दोघांना मिळणार नव्हतंच."

"ते पण माहीत आहे." तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही खूण केली, ते मी समजून घेईन. दोन महिन्यांचा पगार घेतला मी त्याच्यावर, पेढे वाटले. मी कोणत्या तोंडानं बोलू तुम्हाला?"

पिशवी खांद्याला लावून ती दाराशी गेली, आणि नेमकी मारबते वाकले होते तिथेच थांबली.

"पण तो नमस्कार काहून घेतला, सर?"

तिने खांद्यावरची पिशवी सावरली. मग गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी तिच्या घरी गेलो तर वडिलांनी दारातूनच सांगितलं, ती साकोलीकडे गेली आहे, कोणा म्हाताऱ्याकडून माशांची नावं लिहून घ्यायची आहेत म्हणे. पगार किती मिळणार ते त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, मला कल्पना नाही.

पंधरा दिवस मी तिची वाट पाहिली. मग सहायकाच्या जागेसाठी जाहिरात दिली. रिकामी झालेली जागा महिन्याच्या आत भरावी, असं मंजुरीच्या अटींत स्पष्ट लिहिलं होतं.